सात कंद, सात कुंड्या: लिलीच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर

कंद आले. खोक्यात ओलसर भुसा आणि त्यात सात कंद: तीन आशियाई (पिवळ्या फुलांचे), दोन लाँगिफ्लोरम (पांढरे, कर्ण्यासारख्या फुलांचे) आणि दोन ओरिएंटल (गुलाबी, पांढऱ्या कडांचे, वासाचे). चिठ्ठ्यांवरची शाई ओलीने पसरली होती, म्हणून आधी नंबर देऊन टाकले. १, २, ३ आशियाई. ४, ५ लाँगिफ्लोरम. ६, ७ ओरिएंटल. पुढे कुंड्यांनाही हेच नंबर.

कांद्याला साल असते, लसणीला पापुद्रा असतो. लिलीच्या कंदाला अंगावर काहीच नाही. पांढरट, मांसल खवले एकमेकांवर रचलेले, खाली एका चकतीला धरलेले, आणि चकतीखाली मुळांचा झुबका. बोटाने जरा जोर दिला की खवला कटकन तुटतो. अंगावर पांघरूण नाही म्हणून हा कंद कोरडा ठेवून चालत नाही, कपाटात तर नाहीच. आणि ओला ठेवला तर कुजतो. म्हणजे अडचण पहिल्या दिवसापासून आहे.

सुतळी गुंडाळून घेर मोजले, कारण कंद घेरावरच विकले जातात आणि कळ्या किती येणार हेही बरंचसं त्यावरच ठरतं. १: १५ सेंमी, २: साडेतेरा, ३: १६, ४: १७, ५: साडेसोळा, ६: १८, ७: १६. सहा नंबर सगळ्यांत दांडगा, पण चकतीच्या एका बाजूला तपकिरी डाग आहे. नखाने खरवडलं तर आत पांढरं लागलं. चालेल असं वाटतंय.

उचलताना सहा नंबरचे चार आणि एक नंबरचे तीन खवले सुटून आले. टाकले नाहीत. लिलीच्या सुट्या खवल्याच्या बुडाशी नवे कंद धरतात, तेव्हा हाही एक प्रयोग. ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेल्या पिशवीत खवले ठेवले, पिशवीत थोडी हवा राहू दिली आणि ती पुस्तकांच्या कपाटावर ठेवली, घरातल्या नेहमीच्या तापमानाला.

७ ऑक्टोबर

कंद बुरशीनाशकाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत निथळले. मग भोकं पाडलेल्या पिशव्यांत ओलसर कोकोपीटसह फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात. ओलसर म्हणजे मूठ आवळली तर पाणी गळू नये, पण मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहावा.

लिलीच्या कंदाला कोंब आणि कळ्या वेळेवर आणायला थंडीचा काळ लागतो: साधारण २ ते ५ अंश सेल्सियस, सहा ते आठ आठवडे. बर्फ पडणाऱ्या ठिकाणी जमीन हे काम आपोआप करते. जिथे हिवाळा सौम्य तिथे फ्रिज. कप्प्यात थर्मामीटर ठेवला, ४ अंश दाखवतो. विकणाऱ्याने आधीच थंडी देऊन पाठवले असतील तर हे काम वाचतं, पण खोक्यावर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

९ ऑक्टोबर

आईने विचारलं, “लिली तर आपल्याकडे आहेच की, मग ही कसली?” तिचा रोख पावसाबरोबर फुलणाऱ्या गुलाबी रेन लिलीकडे होता. तिला सांगता सांगता माझंही नीट झालं.

रेन लिली आणि स्पायडर लिली नर्गिसच्या कुळातल्या. पीस लिली अळूच्या कुळातली. डे-लिलीचं कूळ आणखी वेगळं, तिला तर कंदही नसतो, जाड मुळं असतात. कमळासारखी पाण्यात राहणारी वॉटर लिली यांच्यापैकी कुणाचीच नातेवाईक नाही. खरी लिली म्हणजे लिलियम. उभा एकच दांडा, त्यावर खालपासून वरपर्यंत पानं, टोकाला फुलं, आणि जमिनीत खवल्यांचा कंद. हा नुसता नावांचा कीस नाही. रेन लिलीचा कंद महिनाभर कोरडा पडला तरी पहिल्या पावसाला उठतो. त्या सवयीने लिलियमकडे पाहिलं तर झाड जातं. पीस लिली सावलीत खुशाल राहते, लिलियमच्या कळ्या सावलीत गळतात.

“म्हणजे नाव एक आणि लाड सात तऱ्हेचे,” आई म्हणाली. बरोबर आहे.

२१ ऑक्टोबर

भाजीच्या कप्प्यात कुणीतरी सफरचंदांची पिशवी ठेवली. कधी ठेवली ते कुणालाच आठवत नाही. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कंदाच्या पोटातला कोवळा कळीचा भाग त्याने मरू शकतो. बाहेरून काही कळत नाही. कंद धडधाकट दिसतो, कोंबही येतो आणि ऐन वेळी कळ्याच नाहीत. फळं वरच्या कप्प्यात हलवली, दारावर चिठ्ठी लावली. लेकीने चिठ्ठीखाली लिहिलं: “कंदांना शांत झोपू द्या.” झोपलेले नाहीत ते. पिशवी उघडली तर पाच नंबरच्या बुडाला तांदळाएवढ्या नव्या मुळांचे टोक दिसले.

२० नोव्हेंबर

चव्वेचाळीस दिवस झाले. लागवड.

कुंड्या २० सेंमी रुंद आणि २८ सेंमी खोल. रुंदीपेक्षा खोली महत्त्वाची, कारण या लिलींना दोन ठिकाणी मुळं येतात: कंदाच्या बुडाला, आणि कंदाच्या वर, मातीत दडलेल्या दांड्यालाही. बरंचसं खाणंपिणं या वरच्या मुळांवरच चालतं. कंद उथळ लावला तर त्या मुळांना जागाच मिळत नाही आणि वर झाड डोलायला लागतं. म्हणून कंदाच्या डोक्यावर १२ सेंमी माती. (मॅडोना लिली याला अपवाद, ती अगदी वरवर लावतात. माझ्याकडे ती नाही.)

मिश्रण: दोन भाग बागेची माती, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाडी वाळू, एक भाग मुरलेलं गांडूळखत. कोकोपीट दोनदा भिजवून पिळून घेतलं, त्यातले क्षार लिलीला सोसत नाहीत. सुपर फॉस्फेट मुद्दाम टाळलं, त्यातल्या फ्लोराइडने पानांची टोकं करपतात. ओरिएंटलला माती जरा आंबट लागते, म्हणून ६ आणि ७ मध्ये कोकोपीटचा एक भाग वाढवला.

बुडाच्या भोकावर फुटक्या कौलाचा तुकडा, वर मिश्रण, वर कंद. मुळं हाताने पसरून ठेवली, कापली नाहीत. सातही कुंड्या गच्चीच्या पूर्वेच्या कठड्याशी. फरशी खराब होऊ नये म्हणून खाली थाळ्या.

२ डिसेंबर

काही नाही. सात कुंड्या माती.

उकरून पाहायचा मोह आवरला. कोंबाचं टोक मोडलं तर त्या कंदाला त्या वर्षी दुसरा दांडा सहसा येत नाही. कळ्या, पानं, सगळं त्या एका टोकात.

रिकाम्या वेळी लिलींबद्दल वाचतोय. १९१० मध्ये चीनमधल्या मिन नदीच्या खोऱ्यात अर्नेस्ट विल्सन हा वनस्पतिसंग्राहक रीगल लिलीचे कंद गोळा करत होता. दरड कोसळली आणि पाय मोडला. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे पाय बांधून त्याला तिथून आणलं. कंद अमेरिकेत पोचले, विल्सन जन्मभर लंगडला आणि त्या लंगडण्याला स्वतःच ‘लिली लिंप’ म्हणायचा. इकडे आमची लिली कुरियरने घरपोच आली आणि मी बारा दिवसांत अधीर झालोय.

६ डिसेंबर

तीन नंबर! मातीला तडा आणि त्यातून हिरवट-जांभळं बोथट टोक, शतावरीच्या कोंबासारखं. संध्याकाळपर्यंत एक नंबरमध्येही.

११ डिसेंबर

१, २, ३, ५ वर. ४ चं नुकतं टोक. ७ मध्ये माती फुगलीय. ६ सपाट.

१४ डिसेंबर

सहा नंबर गेला.

आज सातही कुंड्या झाडायला सरकवल्या तेव्हा सहा नंबर हाताला जड लागली. वरची माती कोरडी, म्हणून गेला आठवडाभर मी तिला रोज पाणी घालत होतो. थाळी उचलली तर तिच्यात बोटभर पाणी आणि त्याला शेवाळ्याचा वास. कुंडी आडवी करून गोळा बाहेर काढला. कौलाचा तुकडा सपाट होता, भोकावर झाकणासारखा चपखल बसलेला. वरची चार बोटं माती भुरभुरीत, खाली चिखल. कंद हातात घेतला आणि बुडाची चकती अंगठ्याखाली पिचली. पिकलेल्या केळ्यासारखी तपकिरी, आंबूस वास. बाहेरचे खवले एकेक करून न ओढताच गळून आले. मधोमध कोंब होता. तीन सेंमी, फिकट पिवळा, वरून अगदी ताजातवाना. खालून काही नव्हतं.

तो ऑक्टोबरमधला तपकिरी डाग म्हणजे सुरुवात असणार. चकती कुजवणारी फ्युझेरियम बुरशी अशीच आत शिरते आणि पाणी साचलं की तिला रान मोकळं मिळतं. डाग तेव्हाच कापून टाकायला हवा होता. पण डाग नसता तरी त्या चिखलात कंद टिकला नसता. मी वरची माती पाहून पाणी घातलं. कंद आहे पंधरा सेंमी खाली, आणि खाली काय चाललंय ते वरून दिसत नाही.

आतले दोन खवले घट्ट आणि पांढरे होते. तेवढे काढून धुतले. बाकी सगळं मातीसकट कचऱ्यात, खताच्या खड्ड्यात नाही. कुंडी साबणाने घासून उन्हात.

मग उरलेल्या सहा कुंड्या एकेक करून तिरक्या केल्या, भोकांतून काडी घातली. चार नंबरमध्येही कौल चपखल. काडीने हलवलं, पाणी वाहिलं. सगळ्या थाळ्या काढल्या आणि कुंड्या विटांच्या तुकड्यांवर चढवल्या. फरशीवर डाग पडले तर पडू देत.

त्याच दिवशी, संध्याकाळी

दोन खवले पिशवीत टाकायला कपाटावरची पिशवी काढली. ऑक्टोबरपासून तिच्याकडे बघितलंच नव्हतं. सात खवल्यांपैकी एक बुरशीने काळा. उरलेल्या सहांच्या तुटलेल्या बुडाशी गोल पांढरे दाणे. काही मोहरीएवढे, दोन वाटाण्याएवढे, त्यांना केसासारखी मुळं फुटलेली. मोजले: अकरा. त्यातले सहा, सहा नंबरचे.

खवल्यांसकट ते फ्रिजमध्ये, आठ आठवडे. या पिल्लांनाही थंडी लागतेच, नाहीतर पानं वर काढत नाहीत. आजचे दोन खवले वेगळ्या पिशवीत, कपाटावर.

१६ डिसेंबर आणि पुढचा आठवडा

बॅगा तोलायचा हूकवाला काटा सापडला. सुतळीचं शिंकाळं करून प्रत्येक कुंडी तोलली. पाणी घालून निथळल्यावर साधारण ७ किलो १०० ग्रॅम. मग रोज सकाळी तोलून पाहायचं आणि मधल्या बोटाएवढी काडी खोल खुपसून ओल बघायची. काडी कोरडी निघायला लागते तेव्हा वजन ५ किलो ८०० च्या आसपास असतं. आता नियम ठरला: ५८०० ला पाणी, आधी नाही. वरची माती काय म्हणते ते विचारायचंच नाही.

लेक म्हणाली, “बाबा, बाळाचं वजन करतात तसं करतोयस.” आठवड्यात हात इतका सरावला की काटा लागेनासा झाला. उचलून कळतं.

२८ डिसेंबर

उंची: १: २१ सेंमी. २: १७. ३: २४. ४: ९. ५: १२. ७: ६.

आशियाई झाडं उजेडाच्या दिशेला कलंडतायत, म्हणून रोज पाव फेरा फिरवतो. तीन नंबरच्या दांड्याला मातीलगत पांढऱ्या मुळांचा कंगवा दिसायला लागला. हीच ती वरची मुळं. त्यांच्यावर दोन बोटं माती आणि सुक्या पानांचं आच्छादन टाकलं. लिलीला डोकं उन्हात आणि पाय सावलीत हवेत असं म्हणतात, आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत पाय चांगलेच तापतात. कुंड्यांभोवती पोतं गुंडाळलं.

आजपासून दर पंधरवड्याला खत, लिटरला एक ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. आत्तापर्यंत काहीच दिलं नव्हतं. कोंब वर येईपर्यंत कंदाची शिदोरी पुरते.

९ जानेवारी

तीन नंबरच्या शेंड्यात कळ्या दिसल्या. पानांच्या पेंढीत दडलेल्या, हिरव्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या. सफरचंदांनी घात केला नाही तर.

१: चार. ३: पाच. २: तीन. ज्याचा घेर मोठा त्याच्या कळ्या जास्त, सुतळीने सांगितलं तसंच.

१५ जानेवारी

एक नंबरच्या कळ्यांवर मावा. आधी मुंग्या दिसल्या, त्यांच्या मागे गेलो तर कळ्यांच्या देठांवर हिरवट-काळे दाणे चिकटलेले. मावा रस पितो तेवढ्यावर थांबत नाही, एका झाडाचे विषाणू दुसऱ्या झाडात नेतो, आणि लिलीत विषाणू शिरला की इलाज नाही. पानांवर फिक्या रेघोट्या, वाकडी फुलं, आणि शेवटी कंदच टाकून द्यायचा. म्हणून ढिलाई नको. झाड आडवं धरून, मातीवर प्लॅस्टिक झाकून, पाण्याच्या धारेने धुतलं. नंतर सौम्य साबणाचं पाणी, पानांच्या खालूनही. तीन दिवसांनी पुन्हा.

१८ जानेवारी

मावा फार थोडा उरलाय. दोन लेडीबर्ड आल्यात. साबण बंद.

२२ जानेवारी

लाँगिफ्लोरमला कळ्या दिसल्या: ४ ला तीन, ५ ला दोन. कळी दिसल्यापासून फुलायला साधारण ३० ते ३५ दिवस लागतात म्हणतात. वहीत खूण केली, बघू.

२६ जानेवारी

चार दिवस बाहेरगावी होतो. आईला सांगून गेलो होतो की वजन बघून पाणी घाल. तिने वजन बघितलंही, पण पाणी झारीने वरून घातलं, संध्याकाळी, सगळ्या झाडावर, आंघोळ घातल्यासारखं. दोन नंबरच्या खालच्या पानांवर लंबगोल तपकिरी ठिपके, मध्ये फिके, कडेला लालसर. बोट्रायटिस, म्हणजे करपा. ही बुरशी ओल्या पानावर रुजते. पान रात्रभर ओलं राहिलं की तिचं काम झालं.

“पाणी घातलं म्हणून झाड आजारी पडतं होय रे?” आई जरा दुखावलीच.

“आई, वजन अगदी बरोबर सांभाळलंस. फक्त पाणी बुडाशी घालायचं आणि सकाळी. संध्याकाळी पानं ओली नकोत.”

“हे आधी सांगायचं ना.” खरंच सांगितलं नव्हतं. मला जे अंगवळणी पडलंय ते दुसऱ्याला माहीत असेलच असं मी धरून चाललो.

सात पानं कापून टाकली, कुंड्यांतलं अंतर वीतभर वाढवलं, वारा खेळू दे. फवारणी नाही, दोन दिवस नवे ठिपके येतात का बघणार.

२ फेब्रुवारी

नवे ठिपके नाहीत. पण दोन नंबरच्या तीनपैकी एक कळी पिवळी पडली, हात लावताच देठासकट गळाली. कीड नाही, कूज नाही. कुंड्यांतलं अंतर वाढवताना ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत गेली होती, दिवसभरात जेमतेम दोन तास ऊन. आशियाई लिली कमी उजेडाला फार लवकर वैतागते आणि पहिल्यांदा कळ्याच सोडून देते. परत उन्हात.

८ फेब्रुवारी

सकाळी सातला तीन नंबरचं पहिलं फूल. लागवडीपासून ऐंशी दिवस.

काल संध्याकाळी कळी फुगून पिवळी झाली होती आणि तिच्या कडा शिवणीवर उसवल्यासारख्या दिसत होत्या. आज सहाही पाकळ्या मागे वळलेल्या. खरं तर पाकळ्या तीनच, बाहेरच्या तीन म्हणजे निदलं, पण रंगरूप एकच त्यामुळे कुणी फरक करत नाही. आतल्या तिघांची मधली शीर जास्त रुंद असते, एवढं निरखलं तर ओळखू येतात. मध्ये सहा पुंकेसर. परागकोश देठाच्या टोकावर आडवे, तराजूच्या दांडीसारखे, फुंकर मारली तरी झुलतात. अजून बंद होते. अकरापर्यंत उकलले आणि विटकरी पराग बाहेर आले.

वास नाही. आशियाईला नसतोच.

१० फेब्रुवारी

परागाचा डाग शर्टाला. पाणी लावायचं नाही आणि चोळायचं तर नाहीच, तेलकट असतो, आणखी आत बसतो. चिकटपट्टी हलकेच दाबून उचलली, चार पट्ट्यांत गेला. कापड उन्हात ठेवलं. आता फूल उमललं की परागकोश उकलायच्या आधीच चिमटीने काढतो. फूल टिकतंही जास्त.

११ फेब्रुवारी

हे आधीच लिहायला हवं होतं. शेजारच्या काकूंचा बोका गच्चीवर येतो. आज तो तीन नंबरच्या बुडाशी पाठ घासत होता.

मांजरांसाठी लिलियम जीवघेणी आहे. पान, फूल, दांडा, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. अगदी थोडं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. अंगाला लागलेले पराग चाटले तरी तेच. काही तासांत उलट्या होतात, मग मांजर सावरल्यासारखं दिसतं आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. डे-लिलीचंही तेच. लक्षणांची वाट न बघता लगेच पशुवैद्याकडे न्यायचं, एवढंच हातात असतं.

काकूंकडे गेलो. “अरे, तो गवताची पाती खातो कधीमधी, फुलं कशाला खाईल?”

“काकू, खायला नको. अंगावर पराग सांडले आणि त्याने अंग चाटलं तरी पुरे.”

त्यांनी बोक्याला तिथल्या तिथे ओल्या फडक्याने पुसून काढलं आणि डॉक्टरांना फोन लावला. फुलाचे परागकोश मी कालच काढले होते आणि कुठलंही पान चावलेलं दिसलं नाही. तरी डॉक्टरांनी त्याला घेऊन यायला सांगितलं, तपासलं, दोन दिवसांनी पुन्हा बोलावलंय.

सहाही कुंड्या आजच जाळी लावलेल्या सज्जात हलवल्या. ऊन तासाभराने कमी मिळेल. मिळू दे.

१४ फेब्रुवारी

बोका ठीक. रक्ततपासणी व्यवस्थित.

फ्रिजमधली पिल्लं काढली, जवळजवळ नऊ आठवडे झाले. एका पसरट ट्रेमध्ये कोकोपीट आणि वाळू, त्यात अकराच्या अकरा, टोक वर, दोन सेंमी खोल. सहा नंबरची सहा डावीकडे, एक नंबरची पाच उजवीकडे.

२४ फेब्रुवारी

चार नंबर फुललं. लाँगिफ्लोरम. कळी दिसल्यापासून तेहतीस दिवस, खूण बरोबर निघाली. पांढरा कर्णा, वीतभर लांब, घशात हिरवट छटा. दुपारी वास मंद होता. रात्री नऊला सज्जाचं दार उघडलं आणि आतल्या खोलीपर्यंत आला. मूळची ही जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरची आणि तैवानची, समुद्राकाठची. ओरिएंटलपेक्षा उष्मा बरा सोसते, पान एकही करपलेलं नाही.

राहवलं नाही म्हणून दोन नंबरचे पराग हिच्या तीन फाकांच्या चिकट कुक्षीवर लावले. पिवळ्या रंगाचा कर्णा मिळाला तर! असे संकर आहेत, त्यांना एल.ए. म्हणतात (लाँगिफ्लोरम आणि आशियाई यांची इंग्रजी आद्याक्षरं), पण ते कुक्षीची नळी कापून परागण करून आणि कोवळा भ्रूण प्रयोगशाळेत वाढवून मिळवलेले. सज्जात होणार नाही हे माहीत होतं.

१२ मार्च

झालं नाही. लाँगिफ्लोरमचं बोंड पिवळं पडून गळालं. चार आणि पाच एकमेकांनाही फळवत नाहीत. एकाच झाडाच्या तुकड्यांपासून वाढवलेल्या या लिली, म्हणजे दोन नव्हेतच, एकच झाड दोन कुंड्यांत.

१७ मार्च

सात नंबर, ओरिएंटल. एकशे सतरा दिवस. तीनपैकी दोन कळ्या टिकल्या. वरच्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी झाल्यात. कोवळ्या पानांना कॅल्शियम कमी पडलं की ओरिएंटलला हे हमखास होतं. मूळ थंड, पाणी जास्त, वरून वाढ झपाट्याची, आणि कॅल्शियम शेंड्यापर्यंत पोचतच नाही. रंगही चित्रातल्यासारखा गडद नाही, फिकट गुलाबी. उष्म्यात लिलीचा गुलाबी रंग उतरतो. फूल मात्र तोंड वर करून उभं. ओरिएंटल पूर्वी खाली मान घालायच्या. १९७० च्या दशकात लेस्ली वुड्रिफ या अमेरिकन संकरकाराने ‘स्टारगेझर’ काढली, तिने ही वर बघायची चाल आणली. वास इतका की आई म्हणाली दार लावून घे, डोकं चढलं.

२२ मार्च

आशियाईंची फुलं संपून बरेच दिवस झाले. उघडे दांडे दिसतायत.

“आता काप की ते, काय शोभा आहे त्यांना?” आई.

फुलांचे देठ कापलेत, दांडे नाहीत. कंद फुलं देऊन रिकामा झालाय, आता ही पानंच त्याला पुन्हा भरणार. फुलदाणीसाठी कापतानाही एक तृतीयांशापेक्षा जास्त दांडा घेतला नव्हता. पानं आपणहून पिवळी पडेपर्यंत पाणी आणि खत चालू, त्यानंतर पाणी कमी करत जायचं.

२९ मार्च

ट्रेमध्ये पान. एकच, गवताच्या पात्यासारखं पण जरा रुंद, डावीकडच्या रांगेत.

१६ एप्रिल

ट्रेमध्ये आठ पानं. दांडा नाही, प्रत्येक पिल्लाला एकच पान, थेट मातीतून. फुलायला दोन-तीन वर्षं. डिसेंबरमध्ये वेगळ्या पिशवीत ठेवलेल्या दोन खवल्यांपैकी एक कुजला, दुसऱ्याला तीन दाणे होते, ते गेल्याच महिन्यात फ्रिजमध्ये गेलेत.

मोठ्या कुंड्या सावलीत. दुपारी सज्जा तापतो, कुंडीचं वजन तिसऱ्या दिवशीच ५८०० वर येतं.

१८ मे

१, २, ३ चे दांडे वाळले, हलकेच ओढल्यावर सुटून आले. उकरलं.

एक नंबर: एका कंदाचे दोन झालेत, पाठीला पाठ लावून, ११ आणि १० सेंमी. वर दांड्याच्या मुळांत वाटाण्याएवढी चार पिल्लं. दोन नंबर: एकच, १२ सेंमी, म्हणजे दीड सेंमीने घटला. करपा, गळालेली कळी आणि टाकीची सावली, सगळं तिथे जमा झालेलं. तीन नंबर: साडेसोळा. हा एकटाच वाढला.

चार, पाच आणि सात अजून हिरवे आहेत, त्यांना हात लावलेला नाही. काढलेले कंद धुऊन, निथळून, ओलसर कोकोपीटमध्ये. पिशव्यांवर या वेळी पेन्सिलने लिहिलं, ओलीने पसरत नाही. प्रत्येक चकतीवर अंगठा फिरवून पाहिला. एक नंबरच्या धाकट्यावर तिळाएवढा तपकिरी ठिपका होता. ब्लेडने पांढरं लागेपर्यंत कापला, जखमेवर बुरशीनाशकाची पूड दाबली आणि तो वेगळ्या पिशवीत ठेवला.